दोनशे सतरावा पॉइंट

उणे बावीस.
हातमोजे काढले तर बोटं लोखंडाला चिकटतात,
नाही काढले तर स्क्रू हाताला लागत नाही.
सबस्टेशनच्या पत्र्याच्या खोलीत मी,
आणि फोनच्या त्या टोकाला, चाळीस मैलांवर, लव्हॉन त्वेत.
"एकशे नव्वद. फीडर तीनचा ब्रेकर. उघड."
उघडतो. आवाज असा, की दात हलावेत.
"उघडला."
"उघडला," ती म्हणते. म्हणजे नव्या पडद्यावर
लाल होतं ते हिरवं झालं.
आमच्यात लाल म्हणजे चालू, हिरवं म्हणजे बंद,
नवा माणूस पहिला आठवडा
चौकातल्या सिग्नलची सवय विसरण्यात घालवतो.
बायपास जोडलाय. कुणाच्या घरात काही विझत नाही,
गाईंच्या पाण्याच्या हौदातला हीटर चालू आहे,
सभासद झोपलेत.

सिस्टिम बदलतेय म्हणतात ती ही अशी:
एकेका तारेला रात्रभर विचारायचं, तू तीच ना?
चौदाशे बारा वेळा.

जुनी सिस्टिम लव्हॉनच्या पाठीमागे भिंतीवर आहे,
प्लायवूडवर रंगवलेला जिल्हा, टाचण्या, बारके दिवे,
आणि एक रेडिओ, जो सबस्टेशनांची
मास्तरासारखी हजेरी घेत फिरतो.
बर्फाच्या वादळात अर्धा वर्ग गप्प.
मग ही खिडकीशी जायची, कुठल्या दिशेला
आकाश काळं आहे ते बघायची, आणि गाडी तिकडे धाडायची.
एकतीस वर्षं. फारदा चुकली नाही.

सप्टेंबरच्या सभेत, हॅम सँडविच खाता खाता,
ऑरिन स्कोगस्टाडने विचारलं होतं, "जुनं चालत नाही काय?"
मॅनेजर म्हणाला, सुटे भाग मिळत नाहीत,
बनवणारी कंपनीच बुडाली.
"माझेही मिळत नाहीत," ऑरिन म्हणाला, "मी ब्याऐंशीचा."
सभागृह हसलं. मग मतदान.
मैलाला दोन घरं, परवडत नाही, म्हणून
कंपनीने नाकारलेल्यांची ही नातवंडं.
आज्यांनी पाच-पाच डॉलर काढले, खांबांचे खड्डे खणले.
बिल फाडणारे हेच आणि भरणारेही हेच,
त्यामुळे शिव्या कुणाला द्याव्यात हा प्रश्न दरवर्षी.
ऑरिनने हात वर केला. बाजूने.

"दोनशे सतरा," लव्हॉन म्हणते, आणि थांबते.
माझ्या नकाशात दोनशे सतरा नाही.
पट्टीवर आहे: दोन तारा, चिकटपट्टीवर पेनाने एच,
शाई तपकिरी झालेली.
तारा भिंतीतून बाहेर, कुंपणाखालून,
रस्त्यापलीकडच्या घराकडे जाताना दिसतात.
"हेल्मर रुड," ती म्हणते. "ऑक्सिजनचं मशीन होतं.
त्याची वीज गेली की माझ्याकडे घंटा वाजायची.
ड्वेनने एका रविवारी ओढली ती तार. कागदावर नाही."
"होतं?"
"पाच वर्षं झाली. मुलगा फार्गोहून किमान बिल भरतो."

मी दार ढकलून बघतो.
बंद घर, गुडघाभर बर्फ, अंगणातला दिवा
कुणासाठी कोण जाणे जळतोय.
नव्या सिस्टिमला प्रत्येक पॉइंटचं नाव लागतं, सोळा अक्षरांत,
आणि प्राधान्य, एक ते चार.
"काय करायचं?"
फोनवर नुसता तिच्या हीटरचा पंखा.
मग, नेहमीच्याच आवाजात, "उघड."

स्क्रू सैल केला. तार सुटली.
चाळीस मैलांवर, भिंतीवर, घंटा वाजली,
सायकलची असावी तशी, बारीक.
तिने ती लगेच बंद केली नाही.
मी पाय आपटत उभा होतो, मोजत नव्हतो.

"वाजली," शेवटी ती म्हणाली.
"नव्या पडद्यावर?"
"नव्यावर काही नाही."
कळा दाबल्याचा आवाज आला, पाच-सहा,
सोळा नक्कीच नव्हत्या.
मी विचारलं नाही. तार हातातच होती,
टोकाला तांबं अजून चकचकीत.

"तू तार जोडून टाक," ती म्हणाली.
"दोनशे अठरा. फीडर चार."